कोकाबाईचं पथ्य

नंदकिशोर देवस्थळींनी आयुष्यभर माल नापास करण्याची नोकरी केली. विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या इथल्या सरकारी कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते. समोर आलेली वस्तू चांगली असेल अशी त्यांना कधी शंकाच येत नसे. मी त्याच कारखान्याच्या केमिकल लॅबमध्ये होते, त्यामुळे हा माणूस मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. आता आम्ही महादेवपुऱ्यातल्या एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. ते चौथ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाताशी नापास करायला काही उरलं नाही, म्हणून ते दूधवाल्याचं दूध, सोसायटीचं पाणी आणि माझा उपमा नापास करू लागले.

मला कुत्री आवडत नाहीत, हे आधीच सांगते. म्हणजे त्यांचं वाईट व्हावं असं नाही, पण लिफ्टमध्ये कुत्रं असलं तर मी जिन्याने जाते. त्यामुळे कोकोबद्दल मी जे सांगणार आहे त्यात लाडिकपणा सापडणार नाही.

कोको देवस्थळींच्या मुलीची, यशश्रीची. व्हाइटफील्डला नोकरी करताना तिने रस्त्यावरचं पिल्लू उचलून आणलं, वाढवलं, आणि नोकरी गेल्यावर स्वस्तातल्या पेइंग गेस्टच्या खोलीत राहायला जाताना आईवडिलांकडे सोडलं. ‘थोडे दिवस’ म्हणाली होती. अशा ‘थोड्या दिवसां’चं काय होतं ते सगळ्या आईवडिलांना माहीत असतं. तपकिरी रंगाची, लांब पायांची, शांत स्वभावाची कुत्री होती. देवस्थळी पहिल्या दिवसापासून तिला ‘कोकाबाई’ म्हणायचे, आणि तीही अगदी कामवाल्या बाईच्या ऐटीत घरभर फिरायची.

तिच्यात एकच खोट होती. पोट.

यशश्री तिला डॉक्टरांनी लिहून दिलेलं परदेशी खाणं घालत असे. नाजूक पोटाच्या कुत्र्यांसाठीचं ते खाणं तिला मानवत होतं, पण ते यशश्रीच्या पगारालाच परवडणारं होतं. तिने सोबत दिलेली पिशवी संपली तेव्हा देवस्थळी दुसरी आणायला गेले आणि किंमत बघून रिकाम्या हाताने परत आले. पेन्शन, प्रेमाच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, गुडघ्यांची औषधं आणि मुलीला गुपचूप पाठवायचे पैसे, यात ती पिशवी कुठे बसत नव्हती. मग त्यांनी दुकानातली स्वस्त पिशवी आणली. तिच्यावर एका धष्टपुष्ट कुत्र्याचं चित्र होतं. पिशवी एका दिवसात बदलली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात जे काही झालं ते पुसायला प्रेमाला गुडघे टेकून बसावं लागलं.

हे पुढे वरचेवर होऊ लागलं. प्रेमा माझ्याहून वयाने लहान, बोलायला मऊ आणि निश्चयाची पक्की. तिचं म्हणणं काही चूक नव्हतं. कुत्री आणली मुलीने, लाड करतात वडील, आणि फडकं मात्र तिच्या हातात. शेवटी एका सकाळी ती देवस्थळींना माझ्यासमोरच म्हणाली, “अहो, दसऱ्यापर्यंत हिचं पोट ठीक झालं तर झालं. नाहीतर पिराजीरावांकडे पाठवून द्या. माझ्याच्याने आता होत नाही.”

पिराजी माने आमच्याच कारखान्यातले. निवृत्तीनंतर त्यांनी होसकोट्याला छोटं वर्कशॉप टाकलं. तिथे राखणीला चार कुत्री साखळीला बांधलेली असतात. पाचवं त्यांना जड नव्हतं. “पाठवून द्या, जे मिळेल ते खाईल,” असं ते फोनवर म्हणाले होते. वाईट माणूस नाही तो. पण जे मिळेल ते खाल्लं तर कोकाबाई महिनाभरही टिकणार नाही, हे देवस्थळींना ठाऊक होतं. ते मला म्हणाले, “हेमाताई, तिला होसकोट्याला पाठवणं म्हणजे स्क्रॅपला पाठवणं.” आमच्या कारखान्यात याहून वाईट शब्द नव्हता.

मग ते तिला मनस्विनीकडे घेऊन गेले. ही प्राण्यांची तरुण डॉक्टर. तिच्या घराण्याला कर्नाटकात येऊन किती पिढ्या झाल्या ते तिलाही माहीत नाही. तिचं मराठी ऐकलं की आधी कानडीच वाटतं. मी तेव्हा सोबत होते, कारण देवस्थळींना एकट्याला रिक्षात कुत्री धरता येईना.

“अंकल, महाग तेच चांगलं असं नाही,” मनस्विनी म्हणाली. “पण पिशवीवरचं चित्र बघून घेऊ नका. मागं बारीक लिहिलेलं असतं ना, ते वाचा. आणि एकदम बदलायचं नाही. जुन्यात नवं स्वल्प स्वल्प मिसळायचं. नाहीतर घरीच करून घाला. भात, उकडलेलं चिकन, लाल भोपळा. सगळ्यात स्वस्त.”

“चिकन आमच्याकडे नाही चालत,” देवस्थळी म्हणाले.

“मग अंडं. तेही नाही? अंकल, कुत्र्याची मुंज झालेली नसते.” ती हसली, मग गंभीर झाली. “एकेक वस्तू घालून बघा. काय सोसतं, काय नाही, ते कळेल. पण मधे दुसरं काही नको. बिस्किट नको, दूध नको, तूप तर नकोच नको. एक घाससुद्धा बाहेरचा गेला तर सगळी परीक्षा फुकट. सरी? कळलं ना?”

‘परीक्षा’ हा शब्द देवस्थळींना पुरला. निवृत्तीनंतर एवढा खूश झालेला मी त्यांना पाहिला नव्हता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं, हा त्यांच्या धंद्याचा मूळ मंत्र. दुसऱ्याच दिवशी काम सुरू झालं. आधी नुसता मऊ भात. तो पचला की त्यात भोपळा. तो पचला की अंडं. प्रेमाने अंडं स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही, तेव्हा हा गृहस्थ गच्चीवर विजेची किटली घेऊन गेला आणि पाण्याच्या टाकीमागे बसून अंडी उकडू लागला. बिल्डिंगमधल्या लोकांना वाटलं, देवस्थळी चोरून पितात.

भात सोसला. भोपळा सोसला. अंडंही सोसलं असं वाटलं, आणि मग पुन्हा पोट बिघडलं. ते भातावर परत आले. पोट सुधारलं, पुन्हा बिघडलं. भोपळा काढून दुधी घातला, तांदूळ बदलला, नाचणीची पातळ पेज घालून पाहिली. इथल्या लोकांची कुत्री त्या पेजेवर घोड्यासारखी होतात. कोकाबाईला कशाचाच धड गुण येईना. एकेक दिवस बरी असायची, मग पुन्हा तेच. बरगड्या दिसू लागल्या. तरी स्वभाव तसाच. दुपारी देवस्थळी जेवायला बसले की त्यांच्या खुर्चीशी येऊन बसायची, त्यांचं जेवण होईपर्यंत हलायची नाही. “बघा, हिला माझ्याशिवाय करमत नाही,” ते अभिमानाने सांगायचे.

आता कारखान्यात एखादा भाग पुन्हापुन्हा नापास होऊ लागला की इन्स्पेक्शनवाले काय करतात? माणसांवर संशय घेतात. देवस्थळींनी तेच केलं. प्रेमा दया येऊन दूध घालत असणार, असं ठरवून त्यांनी दुधाच्या पातेल्यावर नजर ठेवली. वॉचमनची उलटतपासणी झाली. आणि एका संध्याकाळी माझ्या दारात उभं राहून त्यांनी मला विचारलं, “हेमाताई, तुम्ही तिला खारी वगैरे देता का?”

मी! जिने कुत्र्याला कधी हातसुद्धा लावला नाही! मी त्यांना सांगितलं की माझी खारी मी माणसांनाही मोजून देते, आणि दार लावून घेतलं. माझा राग लवकर येतो आणि उशिरा जातो. दोघांशीही मी बरेच दिवस बोलले नाही.

त्यात देवस्थळींना पुतण्याच्या लग्नाला नाशिकला जावं लागलं. प्रेमाला प्रवास झेपत नाही, ती राहिली. जाताना त्यांनी कोकोचं पथ्य बजावून बजावून सांगितलं, कशात काडीचाही फरक करायचा नाही. प्रेमाने केलाही नाही. तोच भात, तोच भोपळा, आणि नवऱ्याने उकडून हॉलमधल्या फ्रीजमध्ये डब्यात ठेवलेली अंडी संपल्यावर शेजारणीकडून उकडून आणलेली. आणि ते नाशिकला होते तेवढे सगळे दिवस कोकाबाईचं पोट घड्याळासारखं चाललं. जिना स्वच्छ. फडकं कोरडं. ते परत आले, आणि दोन दिवसांत पुन्हा पहिले पाढे.

प्रेमा त्यांना म्हणाली, “माझ्यावर संशय घेत होतात ना? तुम्ही नसलात की बरी असते ती.”

हे वाक्य त्यांना लागलं असणार. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले, आणि यावेळी आवाज खाली होता.

“हेमाताई, आपल्याकडे एक नियम होता. आठवतो? आपल्या कामावर आपण शिक्का मारायचा नाही.”

आठवत होता. कितीही मोठा इन्स्पेक्टर असो, स्वतः केलेल्या कामाची तपासणी स्वतः करायची नाही. दुसऱ्याने करायची.

“मग आज मला तपासा,” ते म्हणाले. “दिवसभर बसा आमच्याकडे. मी काय करतो ते बघा. मला दिसत नाहीये.”

खोटं कशाला बोलू, मी मोठ्या आनंदाने गेले. ज्याने माझा उपमा नापास केला त्याला नापास करायची संधी रोज येत नाही. खारीचा राग होताच. मी त्यांच्या हॉलमध्ये विणकाम घेऊन ठाण मांडून बसले.

सकाळभर काही सापडलं नाही. चहा घेतला, पण बिस्किट बशीतच राहिलं. पेपर वाचला. कोकोला फिरवून आणलं, मी मागे मागे होते, रस्त्यात तिने कशाला तोंड लावलं नाही. तिचं खाणं मोजून घातलं, वाटी लगेच धुतली. हात धुतले. मला खरं म्हणजे निराशाच वाटू लागली होती.

दुपारी जेवायला बसलो. देवस्थळींनी ताटाभोवती पाणी फिरवलं, ताटाच्या उजवीकडे वरण-तूप-भाताच्या छोट्या घासांच्या चित्राहुती घातल्या, आपोष्णीचं पाणी घेतलं आणि जेवू लागले. माझे वडील हेच करायचे, काका करायचे. त्यामुळे मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही. डोळ्यांना इतकी सवय असते की अशी गोष्ट दिसतच नाही. देवस्थळी देवाधर्माचे म्हणावेत असेही नाहीत. सत्यनारायणाला सुद्धा प्रसादापुरते येतात. पण मुंज झाल्यापासून चित्राहुती घातल्याशिवाय ते जेवलेले नाहीत. टेबलावर डाग पडतो म्हणून प्रेमाने त्यासाठी छोटी ताटली दिलेली आहे, आणि तुपाला त्यांचा हात सढळ.

जेवण झालं. ते उठले, ताटली घेतली, बाल्कनीत गेले आणि कठड्याच्या आतल्या कट्ट्यावर चित्राहुती ठेवून हात धुवायला गेले. कोको शांतपणे उठली. खुर्चीजवळून बाल्कनीत गेली. पुढचे पाय कट्ट्यावर टेकले, आणि कट्टा चाटून स्वच्छ करून परत येऊन बसली. यात घाई नव्हती, चोरी नव्हती. नेमाने ऑफिसात जाणाऱ्या बाईसारखी गेली आणि आली.

मी विणकाम खाली ठेवलं. “देवस्थळी,” मी म्हटलं, “कट्ट्यावर ठेवलेलं कोण खातं?”

“कावळा,” ते टॉवेलला हात पुसत म्हणाले. “रोज खातो. रोज जागा लख्ख असते.”

“कुठून येतो?”

ते बाल्कनीकडे बघत राहिले. कोको आली त्याच सुमारास सोसायटीने कबुतरांसाठी सगळ्या बाल्कन्यांना वरपासून खालपर्यंत जाळी मारली आहे. तिच्यातून चिमणीसुद्धा आत येत नाही. ज्या माणसाने जन्मभर केसाएवढी भेग शोधली, त्याने तेव्हापासून रोज त्या जाळीच्या आत कावळ्याला घास ठेवला होता.

“पण मी तिला काही देत नाही,” ते हळू म्हणाले.

“मग कोणाला देता?”

“कोणाला म्हणजे... वडील ठेवायचे.” ते खुर्चीवर बसले. प्रेमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसेल असं मला वाटलं होतं, पण हसली नाही. मलाही जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. मी मनस्विनीला फोन लावून दिला. ती म्हणाली, “रोज? तूप आणि तुरीचं वरण? अय्यो अंकल, हिचं पोट म्हणजे लहान बाळाचं पोट. बंद करा ते.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी बंद करून पाहिलं. प्रेमाने मला नंतर सांगितलं की ते पाणी फिरवून थांबले, आणि मग घास तोंडाशी नेता येईना. भाताकडे बघत बसले. अखेर चित्राहुती घातल्याच. मात्र जेवण झाल्यावर त्या तळहातावर घेऊन लिफ्टने खाली गेले आणि जनरेटरच्या खोलीमागच्या झाडाखाली ठेवून आले. तिथे कावळे खरोखरच येतात. तेव्हापासून रोज हेच चालू आहे. लिफ्टमध्ये लोक विचारतात, “अंकल, हातात काय?” ते म्हणतात, “भात.”

मनस्विनीने आणखी एक सांगितलं होतं. तुम्ही जेवत असताना ती आशेने बसते, तर तिचं दुपारचं खाणं त्याच वेळेला द्या, म्हणजे मागणार नाही. देवस्थळी त्या वेळेला ताटावर असायचे आणि मग खाली जायचे, म्हणून वाटी भरायचं काम प्रेमाकडे आलं. दुपारचं आलं, मग ओघाने सकाळचं आणि संध्याकाळचंही. भात, भोपळा, अंडं आणि मनस्विनीने दिलेली कॅल्शियमची पूड. हे सगळं मिळून देवस्थळींच्या चहापेक्षा स्वस्त पडतं. पोट थाऱ्यावर आलं. बरगड्या झाकल्या गेल्या, अंगावर केस चमकू लागले. त्याच सुमारास गच्चीवर अंडी उकडणं बंद झालं. कुठे उकडतात ते मी विचारलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पिराजीराव आले. त्यांना नको म्हणून कळवायचं काम देवस्थळींनी प्रेमाचं म्हणून सोडलं होतं, आणि प्रेमाने ते देवस्थळींचं म्हणून. त्यामुळे ते बिचारे गाडीच्या मागच्या सीटवर पोतं अंथरून, साखळी घेऊन होसकोट्याहून आले. मी सोनं द्यायला वर गेले होते, म्हणून हे माझ्यासमोर घडलं.

“कुठंय आमची वॉचमन?” पिराजीरावांनी हसत विचारलं.

देवस्थळी नुकतेच खालून आले होते. त्यांनी घसा साफ केला. पण बोलली प्रेमा. ती वेताच्या स्टुलावर बसली होती आणि कोको तिच्या पायांवर हनुवटी ठेवून आडवी झाली होती.

“ती नाही यायची हो, पिराजीराव,” प्रेमा म्हणाली. “पथ्याची आहे. तुमच्याकडे कोण करणार तिचं? तुम्ही जेवूनच जा आता.” आणि उठण्याआधी तिने कोकोची हनुवटी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली, जशी झोपलेल्या मुलाची ठेवतात.

पिराजीराव भले गृहस्थ. साखळी खिशात टाकली, पोटभर जेवले, आमच्या साहेब लोकांच्या चार आठवणी काढल्या आणि गेले. देवस्थळींच्या डोक्यावरचा मोठा भार उतरला होता. चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. ते आपल्या खुर्चीत बसले, हात खाली सोडला आणि हाक मारली, “कोकाबाई, या.”

कोको स्वयंपाकघराच्या दारात होती. आत प्रेमा भांडी आवरत होती. कोकोने मान वळवून देवस्थळींकडे पाहिलं, त्यांच्या मोकळ्या हाताकडे पाहिलं, शेपूट जरा हलवलं, आणि तोंड पुन्हा आत करून बसली.

देवस्थळींचा हात थोडा वेळ तसाच खाली राहिला. मग वर घेऊन त्यांनी पेपर उचलला. मी दाराशी चपला घालत होते. मला कुत्री आवडत नाहीत आणि हा माणूसही फारसा आवडत नाही, पण त्या वेळी मला त्याचं फार वाईट वाटलं.

“बरी आहे आता,” ते पेपराआडून म्हणाले. “अगदी बरी आहे.”